ओट्यावरच्या कुरडया

मी भांडकुदळ आहे, असं माझ्या सासरचे लोक अजून म्हणतात. मी नाही म्हणत नाही. फक्त एवढंच सांगते की जन्मतः मी तशी नव्हते. दहावीपर्यंत मी खाली मान घालून चालणारी, वर्गात उत्तर येत असूनही हात वर न करणारी पोरगी होते. भांडायला शिकले ती अकरावीची परीक्षा संपल्यावरच्या एका उन्हाळ्यात, सेलूला, आमच्या घरासमोरच्या बंद जिनिंग कारखान्याच्या ओट्यावर. शिकवलं कुरडया घालणाऱ्या बायकांनी. आता गुडघे दुखतात, चष्म्याचा नंबर वाढलाय, पण ते शिक्षण काही उतरलेलं नाही.

आमचं घर म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या आणि पुढे शहाबादी फरशीची पडवी. माझे वडील, म्हणजे अण्णा, एका कचेरीत कारकून होते. अण्णांचा आवाज घरात फारसा ऐकू यायचा नाही. ऐकू यायचा तो आईचा, आणि तिच्या कढईचा. सकाळी ती मुरमुरे भिजवून, हिरवी मिरची आणि शेंगदाणे घालून पोह्यांसारखा सुशीला परतायची, तेव्हा ती मिरची आमच्या नाकात आणि शमीम खालाच्या घरात एकदमच शिरायची, कारण मधली भिंत एका विटेची होती. शमीम खाला ब्लाउज शिवायची. तिच्या मशीनचा आवाज मधेच थांबला की आई भिंतीवर बुक्की मारून विचारायची, ‘काय झालं गं?’ पलीकडून उत्तर यायचं, ‘धागा तुटा, और क्या होना!’ असं दिवसातून चार वेळा तरी व्हायचं. दुपारी अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकरी, लसणाचा ठेचा. खालाकडून वाटीभर खट्टी दाळ यायची आणि वाटी रिकामी परत जायची नाही. आमच्या घरात काही कमी होतं असं मला तेव्हा कधी वाटलं नाही.

जिनिंगच्या आवारभिंतीला लागून, रस्त्याच्या बाजूने, एक लांबच लांब सिमेंटचा ओटा होता. कंबरेइतका उंच. कारखाना चालू होता तेव्हा कापसाच्या गाड्या तिथे खाली व्हायच्या. कारखाना बंद पडला आणि ओटा गल्लीचा झाला. सकाळी सात ते संध्याकाळी सहा तिथे ऊन असायचं, आणि आमच्या पत्र्याच्या घरांना ना गच्ची ना अंगण. त्यामुळे माझ्या लहानपणी अख्ख्या गल्लीचं वाळवण त्या ओट्यावर पडायचं. पापड, शेवया, खारोड्या, कुरडया. आम्हा पोरींना हातात काठी देऊन कावळे हाकायला बसवायचे आणि आम्ही कावळ्यांपेक्षा जास्त पापड खायचो.

मग तिथे पोरं बसायला लागली. आधी पत्ते, मग चिलीम, मग खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या आणि झोपेच्या गोळ्या. खोकला त्यांच्यातल्या एकालाही नव्हता. त्यांचा म्होरक्या गजा. पुड्या तो आणायचा, कुठून आणायचा ते प्रत्येकजण वेगळं सांगायचा. सकाळी दहाला त्यांचा दरबार भरायचा. रस्त्यावरच्या दिव्याला दगड, म्हाताऱ्या माणसाच्या धोतराला हात, नळावर पाणी भरणाऱ्या बायकांवर शेरे. हळूहळू बायकांनी वाळवण ओट्यावर घालणं सोडलं. बाजेवर, बोळात, कुणाच्या तरी नातेवाइकाच्या गच्चीवर असं चोरून-मारून उरकायला लागल्या. खालाकडे कपडे शिवायला टाकणाऱ्या बायका कमी झाल्या. बाहेरून कुणी आलं असतं तर गल्लीने त्यांना हाकललंही असतं, पण ही पोरं आमच्याच गल्लीतली आणि शेजारच्या गल्लीतली. आपलेच दात आणि आपलेच ओठ. कोणाचा पोरगा हे सगळ्यांना माहीत, आणि नाव कुणी घ्यायचं नाही.

गल्लीतल्या पुरुषांनी काहीच केलं नाही असं म्हणता येणार नाही. त्यांनी जे केलं ते न केलेलं बरं होतं. आप्पा म्हणून एक निवृत्त तलाठी होते, सगळ्या सभांचे कायमचे अध्यक्ष. ते म्हणाले, भिंतीवर लोकांनी घाण करू नये म्हणून जशी देवाची फरशी बसवतात, तशी ओट्याच्या मागच्या भिंतीवर बसवू. देवासमोर कोण कशाला नशा करील? सगळ्यांना पटलं. देव कुठला यावर तीन दिवस वाद झाला. मारुती म्हणावा तर मारुतीचा पार जवळच होता, गणपती म्हणावा तर तो दोन घरांच्या दारावर होताच. शेवटी आप्पांनी आपल्या आवडीचा देव ठरवला, महादेव. गवंडी बोलावून, नारळ फोडून, ध्यानस्थ शंकराची सुबक फरशी बसवली. दुसऱ्या दिवशी गजा आला, फरशीपुढे हात जोडले, चिलीम कपाळाला लावली आणि म्हणाला, ‘आप्पा, लय उपकार झाले. तुमी तर आमचं मंदिरच बांधून दिलं.’

करायला गेले एक अन् झालं भलतंच. आधी पाच-सहा पोरं बसायची, आता सोमवारी बाहेरून भक्त यायला लागले. चिलमीला प्रसाद म्हणायचे. तक्रार केली म्हणून एकदा एक पोलीस जमादार मोटारसायकलवरून आले, त्यांनी फरशी पाहिली, टोपी काढून नमस्कार केला, पोरांना ‘देवाच्या ठिकाणी गडबड करू नका’ म्हणाले आणि निघून गेले. फरशी काढायची तर पाप, ठेवायची तर ताप. आप्पा आठ दिवस घराबाहेर पडले नाहीत. अण्णांनी मात्र आपला मार्ग शोधला होता. ते सायकल काढून उलट्या दिशेने, पाराला वळसा घालून कचेरीला जायचे. पंधरा मिनिटं जास्त लागायची. मला त्याचा राग यायचा, आणि राग येतो याची लाजही वाटायची.

माझं कॉलेज ओट्याच्या पलीकडे होतं आणि मुलींच्या घोळक्यातून मी तो तुकडा रोज पार करायची. अकरावीच्या शेवटच्या पेपरला मी एकटी होते. ओट्यावरच्या पोरांतल्या एकाने माझ्या सायकलचं कॅरिअर धरलं आणि हसत हसत माझ्यामागे पळायला लागला, बाकीचे टाळ्या वाजवायला लागले. मग त्याने एकदम हात सोडला. मी सायकलसकट आडवी झाले. पेपर मी दिला, गुडघ्यातून रक्त येत असताना दिला, त्यात मला पासष्टच्या वर मार्क पडले हे इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. पण संध्याकाळी अण्णांनी गुडघ्याची पट्टी पाहिली. ते जेवता जेवता म्हणाले, ‘झालं एवढं शिक्षण बास झालं. पाथरीचं एक स्थळ सांगून आलंय. कापडाचं दुकान हाय.’

मी म्हटलं, ‘अण्णा, मला बारावी करायचीय. मला नर्सिंगला जायचंय.’

‘त्या रस्त्यानं माझी पोरगी जाणार न्हाई.’

‘रस्ता साफ झाला तर?’

अण्णांनी भाकरीचा तुकडा मोडला. ‘तर जा की,’ ते म्हणाले. एखाद्या लेकराने चंद्र मागावा आणि आपण ‘देतो हं’ म्हणावं, त्या सुरात. मी तो सूर ऐकला नाही. शब्द तेवढे घेतले.

दुसऱ्या दिवशी आई कुरडयांसाठी गहू निवडत होती आणि कुरकुरत होती की औंदा बाजेवर चार पायल्यांचं कसं मावायचं. मी म्हटलं, ‘ओट्यावर घालू.’ ती म्हणाली, ‘येडी झालीस का? हात-पाय मोडून घ्यायलीस का तुपले?’ इतक्यात पलीकडचं मशीन थांबलं. एका विटेच्या भिंतीचा हा फायदा. शमीम खाला पदर खोचत आमच्या पडवीत आली. ‘कायको डरते जी? ओटा क्या उनके बाप का है? मेरे भी पापड डालना है.’ आई म्हणाली, ‘आणि पाय दिला तर?’ खाला म्हणाली, ‘वाळवन पे पाँव देता क्या कोई?’

ती बरोबर बोलत होती. आमच्याकडे माणूस देवळात चपला घालून शिरेल, पण वाळवणावर पाय देणार नाही. बाईच्या पाच दिवसांच्या कष्टाचं ते असतं. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी वाटून चीक काढायचा, पाचव्या दिवशी दिवस उजाडायच्या आत तो शिजायला ठेवायचा आणि घाटत राहायचं, दंडाचा पिळा होईपर्यंत. हे एका बाईचं काम नाही, म्हणून सावड. आज माझ्या घरच्या, उद्या तुझ्या. जिच्या कुरडया तिच्याकडे बाकीच्यांनी राबायचं. आणि एकदा घातल्या की उन्हं उतरेपर्यंत कुणीतरी राखण बसायचंच. मला हवी होती ती ही राखण.

पहिल्या दिवशी आम्ही सहाजणी होतो. सात वाजता ओटा झाडला, धुतला, बाटल्या गोणीत भरल्या, जुनी लुगडी अंथरली आणि सोऱ्यातून कुरडया पाडायला सुरुवात केली. मी वाटीत गरम चीक, वर तूप आणि गूळ घेऊन महादेवासमोर बसून खाल्ला. तसा चीक मी पुन्हा कधी खाल्ला नाही. दहाला पोरं आली आणि नुसती उभी राहिली. गजाने विचारलं, ‘काकू, हे काय?’ आई म्हणाली, ‘दिसत न्हाई का? कुरडया.’ ‘कवा उचलणार?’ ‘वाळल्यावर.’ पोरं ओट्याच्या अगदी टोकाला जाऊन बसली. धूर आला तशी खाला ओरडली, ‘ए, धुआँ उधर! मेरे पापड को बास आयेगी!’ दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घरच्या कुरडया, तिसऱ्या दिवशी तिसऱ्या. रोज एक लुगडं पुढे सरकत होतं आणि पोरं मागे.

चौथ्या दिवसाची पाळी कुणाची यावर गाडी अडली. घरांच्या ओळीने कौसाबाईची पाळी येत होती, आणि कौसाबाई म्हणजे गजाची आई. नवरा वारलेला, दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जायची. पोराच्या नावाने आपल्याला बोल लावतील म्हणून तिने गल्लीत बसणं-उठणं सोडलं होतं, आणि गल्लीनेही तिला बोलावणं सोडलं होतं. एकजण म्हणाली, ‘तिला कामून बोलावायचं? तिच्यामुळंच तर हे.’ आई म्हणाली, ‘सावड मोडायची न्हाई.’ आणि मला पाठवलं. मी तणतणतच गेले. दार अर्धं उघडं होतं. मी उंबऱ्यातून म्हटलं, ‘मावशी, उद्या तुमच्या घरच्या कुरडया. गहू भिजवलेत का?’ ती उठून दाराशी आली. मग म्हणाली, ‘भिजवलेत. दर साल भिजवते. घालू लागायला कुणी न्हाई म्हणून कोंबड्यांना टाकते.’ मी परत येताना रडले. आजही ते वाक्य आठवलं की स्वतःच्या गल्लीची चीड येते.

तिच्या हातात काय जोर होता! सोऱ्या असा फिरवायची की कुरडई एका दमात, गोल, कुठे तुटली नाही. हसलीसुद्धा दोनदा. आणि दहाला गजा आला. आपली आई तिथे बसलेली पाहून त्याला काय झालं ते मी सांगू शकत नाही; त्याच्या सोबतची पोरं हसली हे मात्र मी पाहिलं. तो ओट्यावर चढला आणि चपलांनिशी लुगड्यावरून चालत गेला. या टोकापासून त्या टोकापर्यंत. ओल्या कुरडया त्याच्या चपलांना चिकटत होत्या. बायका उठल्या, आपापली भांडी उचलली आणि घरी गेल्या. कौसाबाई एकटी बसून लगदा गोळा करत होती. मी आणि आई तिच्याजवळ बसलो. तिने डोळे पुसले नाहीत, कारण हात चिकाचे होते. आईला म्हणाली, ‘आज परत गहू भिजवते. तुमी येताल का?’

संध्याकाळी अण्णा म्हणाले, ‘झालं समाधान?’ मी म्हटलं, ‘पाच दिवस थांबा.’ त्यांना असं उत्तर मी आयुष्यात पहिल्यांदा दिलं. त्यांनी पाथरीला मुलगी बघायला या म्हणून निरोप धाडला. त्या पाच दिवसांत ओटा पुन्हा पोरांचा झाला होता. पण आई घरोघर फिरली. काय बोलली कुणास ठाऊक; खाला सांगायची की ती प्रत्येकीला एकच विचारायची, ‘तुपल्या कुरडयांवरून चालला असता तर?’

पाचव्या दिवशी आम्ही सहाच्या चौदा झालो. आणि ह्या खेपेला तीन विटांची चूलच ओट्यावर मांडली, महादेवाच्या पायाशी. दहाला गजा आला तेव्हा पातेल्यात चीक रटरटत होता आणि कौसाबाई लाकडी चाटू घेऊन उभी होती. उकळता चीक काय असतो ते ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे; अंगावर पडला तर कातडी घेऊनच सुटतो. गजाने एक पाय ओट्यावर ठेवला. कौसाबाईने चाटू पातेल्यातून काढून त्याच्यासमोर धरला. आवाज चढवला नाही. ‘दुसरा ठिव,’ ती म्हणाली. ‘ठिव की. मी जन्म दिलाय, चटका बी मीच देते.’ चाटूवरून चीक सिमेंटवर गळत होता. मी काठी घेऊन तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले, माझ्या शेजारी खाला. गजाने पाय खाली घेतला. मी माझ्या आयुष्यात खूप ठिकाणी पुढे उभी राहिले, वॉर्डात, मोर्च्यात, सासऱ्यांसमोर. इतकी खूश मी कुठेच नव्हते.

खोटं कशाला लिहू? ओटा सुटला म्हणून व्यसन सुटलं नाही. काही पोरं रेल्वेच्या गोदामामागे बसायला लागली. एक पुढे दोन वर्षांत गेला. कौसाबाईने गजाला धरून, बांधून, पाया पडून उपचाराला नेलं, तो पळून आला, तिने पुन्हा नेलं. आता मी परभणीत राहते. आमच्या कॉलनीच्या मोबाइलच्या ग्रुपवर परवा कुणीतरी लिहिलं की मैदानात पोरं नशेच्या गोळ्या खातात, कॅमेरे बसवा. शंभर जणांनी अंगठे दाखवले. मी लिहिलं, उद्या सकाळी सातला मी खुर्ची घेऊन मैदानात बसणार आहे, कोण येतं? आठजणी आल्या. पुरुष एकही नाही. आज तीन आठवडे झाले, आम्ही बसतो.

पण मला सांगायचं आहे ते त्या जूनचं. वाळवणाचे दिवस संपले, आभाळ भरून यायला लागलं, ओटा रिकामा झाला. अण्णा म्हणाले होतेच, ‘ऊन हाय तवर तुमचं राज्य. आभाळ आलं की ते परत येतेत.’ पाथरीची माणसं गुरुवारी मला बघायला येणार होती. सोमवारी कॉलेज सुरू होत होतं. मी कुणाला न विचारता वेणी घातली, दप्तर घेतलं, सायकल काढली. आईने डबा दिला आणि अण्णांकडे बघितलं नाही. ओट्यावर गजा आणि आणखी दोघं बसले होते. त्याने मला हाक मारली, ‘काय नंदे, आता ऊन गेलं. आता काय वाळवायलीस?’

तोंडाने भांडणं मी अजून पुरतं शिकले नव्हते. मी सायकल भिंतीला लावली, ओट्यावर चढले, त्यांच्यापासून दोन हातांवर बसले आणि जीवशास्त्राचं पुस्तक उघडलं. एक अक्षर कळत नव्हतं. गजा म्हणाला, ‘ऊठ.’ मी पान उलटलं. तो पुन्हा म्हणाला. मी पुन्हा पान उलटलं. रस्त्याने लोक थांबून बघत होते. कॉलेजची पहिली घंटा झालेली मला तिथपर्यंत ऐकू आली.

तेवढ्यात अण्णांची सायकल दिसली. ते पाराकडे वळले नव्हते, सरळ ओट्याकडे येत होते. मला वाटलं, आता हाताला धरून घरी नेतात. त्यांनी सायकल माझ्या सायकलीला टेकवून लावली. ओटा उंच होता, त्यांना एका दमात चढता आलं नाही, दुसऱ्या वेळी चढले. इस्त्रीच्या पँटला माती लागली. ते माझ्या आणि गजाच्या मधल्या जागेत बसले, कचेरीची पिशवी मांडीवर घेतली आणि टोपी सारखी केली.

‘तू जा,’ अण्णा म्हणाले. ‘तास बुडंल. मी बसतो हितं.’